आभाराचं पान

परक्याच्या पीएचडीचे पेढे स्वतःच्या खर्चाने वाटणारा माणूस साऱ्या बदलापुरात एकच आहे, आणि तो आमच्या तळमजल्यावर राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, ते विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात नवीन कोणते प्रबंध आले ते बघतात. प्रबंध उघडला की आधी आभाराचं पान. मार्गदर्शक, ग्रंथपाल, झेरॉक्सवाला, सासूबाई, सगळ्यांचे मानलेले आभार मोठ्याने वाचायचे आणि मग विषय कळो न कळो, पेढ्यांचा पुडा घेऊन जिन्यात उभं राहायचं. मी एकदा मधुमेहाचं कारण सांगून सुटू पाहिलं. "अहो, त्या पोरीने भाताच्या खोडकिडीपायी उमेदीची वर्षं घातली, आणि तुम्हाला अर्धा पेढा जड होतो?" उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका जीन्सवाल्या शेठला तर त्यांनी दुकानात जाऊन सांगितलं, तुमच्या धंद्यावर प्रबंध आलाय. शेठ म्हणाला, "काका, हमारे ऊपर लिखा और हमसे ही नहीं पूछा?" त्यालाही पेढा देऊन गप्प केलं.

आम्ही हसायचो, पण जपून. काका कशाची वाट बघतात ते ठाऊक होतं. काकूंनी शाळेतली नोकरी सांभाळून मोरिवलीतल्या बायकांच्या लग्नगाण्यांवर प्रबंध लिहिला होता. घरातली प्रत काकांनी कधी उघडली नाही. घरातच तर आहे, वाचू सावकाश, म्हणत राहिले. मग काकू गेल्या, आणि पुढच्या पुरात कपाटासकट ती प्रतही गेली. उरली फक्त विद्यापीठातली. जुने प्रबंधही हळूहळू संग्रहात घालताहेत, एवढ्या एका बातमीवर हा माणूस तग धरून होता.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावलं. पडद्यावर काकूंचं नाव होतं.

"आलं बघा. पण तुम्हीच वाचा, आणि आभाराचं पान सोडा. त्यात मी नाहीये. घरच्यांचे आभार मानायचे नसतात, असं मीच तिला दटावलं होतं."

मी तरी तेच पान उघडलं. गाणी सांगणाऱ्या बायकांची नावं होती, शाळेच्या शिपायाचंही होतं. शेवटच्या ओळी मी मोठ्याने वाचल्या: 'घरच्यांचे आभार मानायचे नाहीत, असे घरातून बजावण्यात आले आहे, म्हणून मानत नाही. मी लिहीत होते तेव्हा रोज पोळ्या माझ्या नवऱ्याने केल्या, एवढे मात्र नोंदवून ठेवते.'

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"वातड व्हायच्या हो," ते म्हणाले. "कधी बोलली नाही ती."

त्या दिवशी पेढे आणायला मी गेलो. परत आलो तेव्हा दाराबाहेरूनच आवाज आला. काका तेच पान पुन्हा मोठ्याने वाचत होते.