तीन ईसा आणि सात

सोयगावच्या घरापुढं त्या दिवशी कोण कोण उभं होतं, ते आधी सांगते. मपली सासू होती. धाकटा दीर, दगडूभाऊजी, गाडीला बैल जुपत होते. मपले बापू खानदेशातून मला पोचवायला आलते. शेजारच्या दोन-चार बाया होत्या. अन् सासूच्या कडंवर मपली लेक कौसा, हातात भाकरीचा तुकडा. नवरा नव्हता. तो आदल्या साली तापानं गेलता.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, अन् इकडच्या उर्दू शाळा मराठी व्हायला लागल्या. मराठी शिकवणारी माणसं कमी, त्यात बाई तर मिळतच नव्हती. मपलं माहेर खानदेशात, तिथं मराठी शाळा होती, म्हणून मपली चौथी झालती. तेवढ्यावर औरंगाबादेत पोरींच्या शाळंत हुकूम आला. आता संभाजीनगर म्हणतात, मपल्या तोंडी औरंगाबादच येतं.

सासू म्हणली, "तुला जायचं तर जा. पोरगी आमची हाय, ती इथंच ऱ्हाईल."

भाऊजी म्हणले, "वैनी, शाळंच्या वयाची झाली की घालतो शाळंत. शब्द हाय मपला."

मी त्या शब्दावर गाडीत बसले. दुसरं काय करणार होते? तिथं ऱ्हाऊन दोघींनी त्यांच्या तुकड्यावर जगायचं, का एकीनं जाऊन दुसरीला वर काढायचं, एवढंच होतं. बापू गाडीत म्हणले, "पोरी, रडायचं तर वळणाच्या पुढं गेल्यावर रड." वळण गेलं, फर्दापूर आलं, मोटार आली. रडायचं ऱ्हाऊनच गेलं.

औरंगाबादेच्या शहागंजात एका मुसलमान मावशीच्या, खालाच्या घरी खोली मिळाली. खाला चांगली होती. पहिल्याच दिवशी म्हणली, "बाई, इत्ती दुबली, बच्चे डरेंगे क्या तुमसे?" बच्चे कशाला भिताहेत, मीच भीत होते. शिकवायचं कसं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला जसं शिकवलं तसं मी शिकवलं. बे एके बे, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. बडे गुरुजी, शाळंचे हेडमास्तर, व्हरांड्यातून जाताना आवाज ऐकायचे. आवाज मोठा म्हणजे गणित चांगलं.

पण मधूनच विचारलं, सात चोक किती, की पोरी पहिल्यापासून पुटपुटत पळत यायच्या. काही तिथंवर पोचायच्या, काही मधेच पडायच्या. शहागंजातल्या पोरींचं उर्दूतून मोजणं, ते मराठीत म्हणताना अडखळायच्या. अन् हर्सूलची एक गया होती, माळकऱ्याची पोर. तिला पन्नासच्या पुढं काही विचारलं की गप. बडे गुरुजी म्हणले, "हिला मोजता येत नाय. पहिलीत बसवा." बसली बिचारी, बारक्या पोरींत गुडघे पोटाशी घेऊन.

मला नोकरीत तिसरं वरीस होतं. त्या उन्हाळ्यात मी सोयगावला गेले. कौसा शाळंच्या वयाची झालती, शाळंत नव्हती. परसात गवऱ्या रचत होती. मोजत होती.

"येक ईसा, दोन ईसा, तीन ईसा आणि सात."

मी म्हणलं, "म्हणजे किती गं?"

"सांगितलं की. तीन ईसा आणि सात."

"त्याला सदुसष्ट म्हणतात, बाई."

"कोण म्हणतं?"

मी हसले. विचारलं, ईसा म्हणजे काय? तिनं दोन्ही हात पुढं केले, मग खाली बसून पायाची बोटं दाखवली. "एवढं. येक माणूस म्हंजे येक ईसा."

मी भाऊजींना म्हणलं, हिला न्यायला आलेय. भाऊजी बैलाला वैरण टाकायला उठले. सासू म्हणली, "शेळ्या कोण राखील? तुझ्या शाळंतल्या पोरी येणारेत का?" बापू असते तर बोलले असते, पण बापू तोवर गेलते. मी एकटीच माघारी आले.

शाळा सुरू झाली तशी मी गयाला परत मपल्या वर्गात घेतलं. तिला म्हणलं, ईसांत सांग. पोरीनं घडाघडा सांगितलं, शंभराच्या पुढं पण. मग मी पोरी उभ्या करू लागले, हातापायाची बोटं मोजायला. तीन पोरी म्हणजे तीन ईसा, म्हणजे साठ. शहागंजाच्या पोरी ओरडल्या, "अरे, साठ तो हमारा बी साठ!" एक शबाना म्हणून होती, तिचं एक बोट लहानपणी अडकित्त्यात गेलतं. ती म्हणली, "बाई, मेरी तो एक उंगली नई, मैं कित्ती?" मी म्हणलं, तू एकोणीस. वर्ग हसला, तीही हसली, अन् एकोणीस का म्हणतात ते कोणाला परत सांगावं लागलं नाय.

बडे गुरुजी दारात येऊन म्हणले, "बाई, गणित चाललंय का नखं काढायचं काम?" पण परीक्षेत पोरी पास झाल्या, मग गप बसले.

पुढं मपलं ट्रेनिंग झालं. नोकरी पक्की झाली. पाढे मी सोडले नाय, पण आधी समजलं पाहिजे, मग पाठ, हे धरून ऱ्हायले. गणिताच्या बाई म्हणून नाव झालं. एकदा शिबिरात मोठ्या साहेबानं विचारलं, "ही रीत कुठं शिकलात?" एवढी मास्तरमंडळी बसलेली. मी म्हणलं, गावाकडं. खाली बसले. त्या साली कौसाचं लगीन लावून दिलतं सासरच्यांनी. मला तारीख कळवली ती हळदीच्या आदल्या दिवशी.

मांडवात मी तिला जवळ घेतलं, तर म्हणली, "तू लोकांच्या लेकरांची बाई. मपली तू सुट्टीतली पाव्हणी." रागानं नाय म्हणली. जसं हाय तसं म्हणली.

आता हर्सूलला मपलं घर हाय, दोन खोल्या. दारापुढं लिंब. सोयगावचं घर दिरांच्या पोरांचं झालं, तिथं मी चहा पिऊन उठते. कौसा कधीमधी इथं येते. तिचीही पाठ वाकली. मोटारीची पाटी वाचता येत नाय, म्हणून कोणाला तरी विचारत येते, अन् पिशवी खाली ठेवायच्या आधी माघारी जायची मोटार कव्हा हाय ते विचारते. मला घर कोणतं म्हणाल, तर ती पिशवी खाली ठेवून बसते, तेवढा येळ.

मपल्या हाताखालून एवढ्या पोरी गेल्या. कोणी नर्स झाली, कोणी बँकेत बसली. गया तर मास्तरीण झाली. ज्या पोरीनं मला शिकवायला शिकवलं, ती मपली कौसा तेवढी शाळंच्या बाहेर ऱ्हायली. हे मी तिला कधी बोलले नाय. समोर बसली की आम्ही शेळ्यांचं अन् गुडघ्याचं बोलतो.

म्हणून लिहून ठेवलं. तिला वाचता येत नाय. हे ज्याच्या हाती पडंल त्यानं एकदा तिच्यापाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवावं. सावकाश वाचा, तिला आता कमी ऐकू येतं.