परत म्हणा

आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याला सगळे ‘परत म्हणा’ म्हणत. गोळ्या कधी, किती, कशासाठी घ्यायच्या ते तो खणखणीत आवाजात सांगे आणि गिऱ्हाईकाकडून वदवून घेतल्याशिवाय पुडी सोडत नसे. चुकीच्या गोळीने त्याची आई गेली, असं लोक म्हणत. मी कधी विचारलं नाही. बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा. स्वतःची रक्तदाबाची गोळीही भिंतीला सांगून घेतो, असं त्याने मला एकदा सांगितलं. मला हसू आलं, त्याला नाही.

त्याच्या दुकानातल्या बाकावर मी पेपर वाचत बसतो, म्हणून हे ठाऊक. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

गेल्या वर्षी एचआयव्हीची लागण टाळणारी गोळी त्याच्या दुकानात मिळू लागली. त्याआधी ती फक्त लांबच्या मोठ्या दवाखान्यात मिळे. बोटातल्या रक्ताची तपासणी करायची, लागण नसेल तर गोळी द्यायची, हे तो शिकून आला होता.

पहिली आली समोरची शिवणकाम करणारी बाई. बोटीवर काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याला लागण झाली होती, उपचार नुकतेच सुरू झाले होते. महिन्याभराने तो घरी येणार, त्याच्या बऱ्याच आधी हिची गोळी सुरू व्हायला हवी होती. हे ती काउंटरवर वाकून हळू बोलली. बाक जवळ, म्हणून मला ऐकू आलं. हे लिहायला तिने आता हो म्हटलं आहे.

तपासणी ठीक निघाली. तेवढ्यात दुकानात गर्दी झाली आणि सवयीच्या भरात त्याला भान राहिलं नाही.

“रोज एक, न चुकता. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून. आता परत म्हणा.”

“रोज एक...” ती थांबली.

“म्हण की गं,” मागून शेजारीण म्हणाली, “आम्हालाही कळू दे, तुला ती कशाला लागते!”

पुडी काउंटरवर टाकून ती निघून गेली.

आठ दिवस ती फिरकली नाही. तो रोज तिच्या दाराकडे बघत बसे.

“घरी नेऊन द्या ना,” मी म्हणालो.

“मी दारात दिसलो की गल्लीला आणखी काय हवं?”

नवव्या दिवशी त्याने आपला पांढरा कोट काढला, कात्रीने खिसा थोडा उसवला, आत पुडी आणि गोळी कशी घ्यायची त्याची चिठ्ठी ठेवली. मी सोबत गेलो. तिच्याकडे बायका बसल्या होत्या.

“ताई, खिसा उसवलाय. आत हात घालून बघा.”

तिने बघितलं. बराच वेळ हात आतच होता.

“परवा न्या,” ती म्हणाली. “उशीर चालणार नाही. परत म्हणा.”

बायका खो खो हसल्या.

“परवा. उशीर चालणार नाही,” तो मान खाली घालून म्हणाला.

कोट परत आला तेव्हा खिसा पक्का शिवलेला होता, आणि रिकामा.

मग त्याने मागची खोली आवरून दोन खुर्च्या टाकल्या. अशा गोळ्या तिथेच, दार लावून. बाकीच्यांनाही तो आता चिठ्ठी लिहून देतो. माणसं चिठ्ठी खिशात घालून न बोलता निघून जातात.

शटर ओढण्याआधी तो माझ्याकडे बघतो.

“तुमची गोळी?”

“एक, जेवणानंतर,” मी सांगतो आणि थांबतो.

“परत म्हणा.”

मी म्हणतो.