शादलियावहिनीची तगमग

आमच्या बिझर्त बंदराचा पूल जहाजासाठी वर उचलला की दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. कुणी इंजिन बंद करून पेपर उघडतं, कुणी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतं. त्या फेब्रुवारीत माझी वहिनी शादलिया अशाच रांगेत गाडीतून खाली उतरली. अंगातला कोट काढून तिने टपावर टाकला, डोक्याचा रुमाल सोडला आणि बोचऱ्या वाऱ्यात कठड्याला धरून उभी राहिली. गाडीत स्टिअरिंगवर होते तिच्याकडे गाडी शिकणारे, पोस्टातले कासिम कारकून. त्यांना अजून धड गाडी वळवताही येत नव्हती. पूल खाली बसला, मागच्यांनी हॉर्नचा गदारोळ केला, तरी बिचारे आतूनच म्हणत राहिले, "बाई, आत या हो. मला भीती वाटते."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गाडी शिकवणारी शादलिया पाण्यात उडी टाकणार होती.

खरं तर वहिनीइतकी थंड डोक्याची बाई आमच्या घरात दुसरी नव्हती. शिकाऊ माणूस भिंतीवर गाडी घालायला निघाला, तरी ती आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबायची आणि म्हणायची, "भिंत राहू द्या, आपण पुढे जाऊ." पण पाळी गेली तसं तिचं सगळंच बिनसलं. छातीतून एकदम वाफ उठायची, मान घामाने भिजायची, काळीज धडधडायचं. झोप तर उडालीच होती. शिकवताना 'डावीकडे' म्हणायचं तर शब्दच आठवायचा नाही. पुलावर तिला वाटलं, आता हृदय बंद पडतंय.

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, मनाचा त्रास आहे, आराम करा. गाडी शिकवण्याच्या शाळेच्या मालकाने तिला गाडीवरून काढून टेलिफोनपाशी बसवलं. घरात आली की ती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. पुसलेली फरशी पुन्हा पुसायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, नजीहा. बसवत नाही, एवढंच."

मग आमची थोरली बहीण हबीबा समाचाराला आली. कॉफी घेता घेता म्हणाली, "शादलिया, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आपल्यात त्या वयाला निराशेचं वय म्हणतात, ते उगाच का? आता गाडी-बिडी पुरे. घरी बस, जपमाळ ओढ."

"म्हणजे मी निराश होऊन बसू, वन्सं?"

"मुद्दाम कशाला बसायचं? आपोआपच होतं ते."

वहिनीने तिच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. हबीबा त्यानंतर महिनाभर फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सुईणबाई मुनिया मोठ्या फटकळ. त्यांनी तिला मध्ये न तोडता सगळं बोलू दिलं. वहिनी घाम, धडधड, झोप सांगत गेली आणि शेवटी रडू लागली.

"वेड लागत नाहीये ना मला?"

"नाही. शरीर बदलतंय, आणि जरा दांडगाईने बदलतंय. तुमच्या आधी या खुर्चीत बसलेली बाईही हेच सांगून गेली."

"मग त्याला निराशेचं वय का म्हणतात?"

"नाव ठेवायला पुरुष बसले होते, म्हणून," मुनियाबाई रक्तदाब मोजता मोजता म्हणाल्या. "आता ऐका. रोज भराभर चालायचं. हाडांसाठी दूध, दही, काट्यांसकट सार्डिन मासे. कॉफी कमी, तिखट कमी."

"कॉफी सोडते. पण हरिशाची तिखट चटणी सोडायला सांगू नका, बाई. हरिशाशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही."

त्या हसल्या. मग त्यांनी तिला स्त्रियांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी रक्त, छाती सगळं तपासलं, घरात कुणाला काय आजार झाले ते विचारलं आणि मगच संप्रेरकाची औषधं सुरू केली.

घरी एक गाठ सुटायची होतीच. माझा भाऊ हमादी हिवाळ्यापासून दुसऱ्या खोलीत झोपत होता. वहिनीने मनाशी धरलं होतं, की आता आपण त्याला नकोशा झालो. एके दिवशी जेवताना तिने सरळ विचारलंच. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"अगं, थंडीत तू सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकतेस. मला कुडकुडायला होतं. तुला सांगावं तर तू अंगावर येतेस."

"एवढंच?"

"एवढंच कसं? सर्दीने नाक गळतंय माझं."

मग दोघांत ठरलं: एक खिडकी उघडी, आणि हमादीला दोन घोंगड्या.

एप्रिलमध्ये वहिनी मला म्हणाली, "बस गाडीत, पुलावर जायचंय." ऐन मध्यावर जायच्या आतच गाड्या थांबल्या. जहाज येत होतं. तिची मान लाल होताना मला दिसली. माझाच जीव घाबरा झाला. तिने काच खाली केली, रुमाल सैल केला, स्टिअरिंगवर हात ठेवून सावकाश श्वास घेऊ लागली.

"उतरायचंय का?" मी विचारलं.

"नको. येऊन जाऊ दे त्याला."

ते आलं आणि गेलं. पूल बसल्यावर तिने पहिला गिअर टाकला आणि रांगेबरोबर निघाली. सोमवारी मालकाला म्हणाली, "टेलिफोन दुसऱ्या कुणाला द्या." त्याने का-कू केली, तेव्हा कासिम कारकुनांनीच सांगितलं, "मी शिकेन तर याच बाईंकडे."

अजून तिची झोप पूर्ण परतलेली नाही. मधूनच चिडते, मधूनच शब्द हरवतो. पण हल्ली तिच्याकडे पन्नाशीच्या बायका गाडी शिकायला येतात, आणि धडा संपला तरी गाडीत बसून बोलत राहतात.

मागच्या आठवड्यात आम्ही समुद्राकाठी चालत होतो. तिचा वेग असा, की मला पळावंच लागतं. धापा टाकत मी म्हटलं, "वहिनी, मीही पन्नाशीला आले. या वेळी माझीही पाळी चुकली."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"घाबरलीस?"

"थोडी."

"मग हात धर," ती म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली, थोडी हळू.