काकूंना विचारून

कोथरूडमधल्या काकूंच्या पोळी-भाजी केंद्रात मी पहिल्या दिवशी लाटलेल्या पोळ्या त्यांनी गिऱ्हाइकांना दिल्याच नाहीत. डब्यात घालून माझ्याच घरी पाठवल्या. वर म्हणाल्या, "नकाशे छान आलेत. उद्यापासून पोळ्या शिकू."

मी उदगीरच्या पुढच्या गावची. सातवीत असताना आई अंथरुणाला खिळली, माझी शाळा सुटली आणि चूल हातात आली. तेव्हापासून लग्न होईपर्यंत मी फक्त ज्वारीची भाकरी थापली. घडीची पोळी म्हणजे आमच्याकडे पाहुणे आल्यावर करायची वस्तू. काकू पंधरा दिवस माझ्या मागे उभ्या राहिल्या. माझं मनगट धरून सांगायच्या, "मध्ये जोर नको, कडेला दे. पदर सुटले पाहिजेत." एकदाही ओरडल्या नाहीत. माझ्यावर इतका वेळ घालवणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

नवऱ्याला वॉचमनची नोकरीही त्यांच्याच शब्दामुळे मिळाली होती. काकू त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, कमिटीवर होत्या. आम्हाला पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारची खोली मिळाली. म्हणजे डोक्यावरचं छप्पर आणि हातातलं लाटणं, दोन्ही एकाच बाईच्या जिवावर. काकू एखाद्या दिवशी नुसत्या गप्प असल्या तरी आपलं काही चुकलं का, हे मी दिवसभर आठवत बसायची.

घरचा स्वयंपाकही मी भीतभीतच करायची. खोलीला खिडकी एक, तीही जिन्याकडे. एकदा लसणाचा ठेचा केला. वरचे आजोबा फिरायला निघाले होते, ते दारात थांबून म्हणाले, "वा! आज आम्हाला जेवायची गरजच नाही. वासानंच पोट भरलं." मी हसले. मला वाटलं तसं ते कौतुक नव्हतं, हे मला संध्याकाळी नवऱ्यानं समजावलं. त्यानंतर मी फोडणी झाकण ठेवूनच द्यायची. तेल उडायचं, हात भाजायचे. पिठलं, भात, वरण, असं वास न येणारं जेवण आम्ही जेवायचो. पोळी तर नाहीच. सकाळपासून दुनियेच्या पोळ्या लाटल्यावर घरी पोळपाट काढायला हात वळायचे नाहीत. नवरा म्हणायचा, "पोळीवालीचा नवरा मी, आणि पोळी बघायला मला काकूंच्या दुकानात जावं लागतं."

केंद्रात आम्ही जोडीनं काम करायचो. एकीनं लाटायचं, दुसरीनं भाजायचं. माझी जोडीदारीण मंडईच्या मागच्या बोळात वाढलेली, अस्सल पुण्याची. माझ्याच वयाची, पण तिला कशाचंच भय नव्हतं. मी लाटलेली पोळी जरा वाकडी झाली की ती तव्यावरच कालथ्यानं दाबून गोल करायची आणि काकूंना कळू द्यायची नाही. तिसरी मावशी, बावधनची, भाज्या करायची. तिघींचं सगळं लक्ष रविवारच्या संध्याकाळकडे लागलेलं असायचं. रविवारी संध्याकाळी केंद्राला सुट्टी. महिन्यातून एकदा त्या सुट्टीला आम्ही डोसा खायला जायचो.

"काय देऊ?" वेटर विचारायचा.

"लाटल्यालं काय बी नको," मावशी म्हणायची. "बाकी आण काय हाय ते."

"मावशी, उडुपी आहे हे," वेटर म्हणायचा. "इथं लाटलेलं मिळतच नाही."

"मग आलोय कशाला आम्ही? त्यासाठीच की!"

जोडीदारीण सांबार तीनदा मागायची. तिसऱ्यांदा वेटरनं वाटी जरा आपटली तर म्हणाली, "अहो, सावकाश. विहिरीतनं शेंदून आणताय का?" मावशी हसून हसून खोकायची. मी मात्र हसताना सुद्धा दरवाज्याकडे बघायची. सोसायटीतलं कुणी दिसलं तर? बघणारा काय म्हणेल? वॉचमनची बायको हॉटेलात. जोडीदारणीला हे कळायचं. ती मला मुद्दाम दरवाज्याकडे पाठ करून बसवायची. "खा निवांत. तुला कुणी दिसायला नको आणि तू कुणाला."

अशाच एका रविवारी, गणपती उठल्यावर, तिनं डोसा यायच्या आधीच सांगितलं. बावधनच्या रस्त्याला एक गाळा आहे. मावशीच्या दिराच्या ओळखीतल्या माणसाचा. आजूबाजूला चार नव्या इमारती उठल्यात, सगळी नोकरी करणारी जोडपी. आपण तिघींनी आपलं केंद्र काढायचं, दसऱ्याला.

"मी भाज्या," मावशी म्हणाली. "ही भाजणार. तू कणीक आन् लाटणं. तुझ्यासारखी कणीक हिला जल्मात तिंबता येणार न्हाई."

माझ्या हाताला काही येतं, हे मला काकूंखेरीज कुणी म्हटलं नव्हतं. काकू म्हणायच्या तेही 'आता बरं येतं' एवढंच.

"आणि बोलायचं नाही कुठं," जोडीदारीण म्हणाली. "दसऱ्यापर्यंत तोंडाला कुलूप. काकूंना कळलं तर संपलं."

मी मान हलवली. त्या दिवशीचा डोसा कसा लागला ते मला आठवत नाही. घरी येईपर्यंत डोक्यात एकच. आज ना उद्या काकूंना कळणारच. कुणाकडून तरी कळणार. मग त्या म्हणणार, हिला हाताला धरून शिकवलं, हिच्या नवऱ्याला नोकरीला चिकटवलं आणि ही अशी. बेइमान. हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, पण मला तो त्यांच्या आवाजात ऐकू यायला लागला. कणीक तिंबताना ऐकू यायचा, नळाखाली हात धुताना ऐकू यायचा.

दोन-तीन दिवसांनी मला वाटू लागलं की यात लपवण्यासारखं आहेच काय? बावधन कुठे, कोथरूड कुठे. काकूंचं एक गिऱ्हाईक तुटणार नव्हतं. काकू स्वतःच नेहमी म्हणायच्या, बायकांनी आपल्या पायावर उभं राहावं. आमच्या गावात नवं काही करायचं तर आधी घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात नारळ देतात, मग बाकीच्यांना सांगतात. पुण्यात माझं मोठं माणूस काकूच. त्यांना न विचारता केलेलं काम लाभेल कसं?

दुपारी केंद्र आवरल्यावर मी नारळ आणि पाव किलो पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. जिना चढताना मनातून वाटत होतं की आपण चांगलंच वागतोय.

काकूंनी मला खुर्चीवर बसवलं. एरवी मी त्यांच्याकडे दारातच उभी राहायची. चहा केला, पाहुण्यांच्या कपात दिला. मी सगळं सांगितलं. गाळा कुठे, कुणाचा, मावशीचा दीर कुठे भेटतो, दसऱ्याचा मुहूर्त. विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

"अगं, मग आनंदच आहे," काकू म्हणाल्या. "आणि सांगायला आलीस. हल्ली असं कोण येतं? हे संस्कार असतात."

त्यांनी नारळ देवापुढे ठेवला. मी पाया पडले. खाली खोलीत आले ती जवळजवळ पळतच. नवऱ्याला सांगितलं, "काकूंनी आशीर्वाद दिला."

तो बूट घालत होता. थांबून म्हणाला, "त्या दोघींना विचारलं होतंस का, काकूंना सांगू म्हणून?"

मी त्याचा डबा भरून हातात दिला. तो ड्यूटीवर गेला.

पुढच्या आठवड्यात मावशी कामावर आली ती शिव्या देतच. गाळेवाल्यानं दिराला सांगितलं होतं, गाळा दुसऱ्याला दिला. कुणाला, ते सांगेना. मावशी म्हणाली, "नशीबच फाटकं." जोडीदारीण म्हणाली, "दुसरा बघू. गाळ्यांना काय तोटा." मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं आणि मी लाटत राहिले. एक शब्द बोलायला हवा होता. पण बोलले असते तर माझंच नाव पुढे आलं असतं. म्हणून मी त्या दिवशी, मला वाटतं, रोजच्यापेक्षा जास्त पोळ्या लाटल्या.

शनिवारी काम संपल्यावर काकू ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. मावशीला आणि जोडीदारणीला म्हणाल्या, "आपण आता मोठ्या झालात. स्वतःचं काढताय म्हणे. आमच्या एवढ्याशा दुकानात कशाला अडकून पडता? उद्यापासून यायची तसदी घेऊ नका."

मावशीनं विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकू नुसत्या हसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती. मी परातीत बघत होते आणि परात रिकामी होती.

जोडीदारणीनं एप्रन काढून खुंटीला लावला, हात धुतले, पदराला पुसले. "हिनं विचारलं असणार त्यांना," ती मावशीला म्हणाली, मला नाही. "हिला पाणी प्यायचं तरी विचारावं लागतं."

दसऱ्याला बावधनच्या रस्त्यावर गाळ्याचं शटर उघडलं. काकूंची दुसरी शाखा. शेजारपाजारची माणसं होती, काकूंचे मिस्टर होते, गुरुजी होते. सगळ्यांसमोर काकूंनी माझ्या हातात किल्ली दिली. म्हणाल्या, "माणसं मिळतात हो, विश्वासाची मिळत नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी किल्ली घेतली. वाकून पुन्हा त्यांच्या पाया पडले. नको म्हणता आलं असतं का? खोली होती, नवऱ्याची नोकरी होती. ही कारणं मी इतक्या वेळा मोजलीत की आता ती मलाच खोटी वाटतात. खरं कारण असं की मला आनंद झाला होता. त्या क्षणी, टाळ्या वाजताना, मला आनंद झाला होता. त्याची चव अजून तोंडातून जात नाही.

मावशी घरीच बसली. जोडीदारीण एका हॉस्टेलच्या मेसमध्ये भांड्यांना लागली असं कळलं. तव्यावरचा असा हात, आणि भांडी. दीड वर्षानं मी धीर करून तिच्या घरी गेले. मंडईतून द्राक्षं घेतली. तिनं दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "या."

सतरंजी अंथरली. मी नको नको म्हणत असताना बटाट्याची भाजी टाकली, पुऱ्या तळल्या. कोपऱ्यावरच्या डेअरीतून श्रीखंडाचा डबा आणवला. केंद्रात आम्ही दोघी दुपारी एकाच झाकणात भात कालवून खायचो, शेवटच्या घासावरून भांडायचो. आता तिनं मला ताट वाढलं, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

"तू नाही जेवत?"

"आमचं मागनं होतं. तुम्ही घ्या."

मी म्हटलं, "मला तेव्हा असं वाटलं होतं की..."

"श्रीखंड घ्या ना अजून," ती म्हणाली. "संकोच करू नका."

मी घेतलं. तिनं आणखी दोन पुऱ्या वाढल्या, त्याही खाल्ल्या. रागावली असती तर मी रडले असते, पाय धरले असते. तिनं ती सोयच ठेवली नाही. जाताना मला हळदीकुंकू लावलं, माझी द्राक्षं ठेवून घेतली आणि रिकामी पिशवी घडी घालून परत दिली. मी जिना उतरायला लागले. आतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "काकूंकडच्या बाई."