पडताळणी फॉर्मवरचं दुसरं नाव

गुलनाज हट्टा गावची. वडील मकबूलभाई गाद्या भरायचे. २००१ साली ती नांदेडला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज नसेल त्या दिवशी आमच्या तालुक्याच्या कोर्टात येऊन शेवटच्या बाकावर बसायची. मी तिथं कारकून. सरकारी वकील व्हायचंय, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीच्या डाव्या पानावर सरकारी वकिलांनी साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, उजव्या पानावर तिनं विचारले असते ते. मी कॉमर्सचा, कायद्यातलं फार कळत नाही, पण नीट ठेवलेली वही कळते. ती पाहून सरकारी वकील तिला खटल्यांच्या फाईली वाचायला देऊ लागले.

मग तिच्या चुलतभावावर, फहीमवर, मारहाणीचा खटला उभा राहिला. सरकारी वकील कोणाला काय विचारणार तेवढं आधी सांग, असं घरचे म्हणू लागले. तिनं नकार दिला. शिवाय दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांना स्वतःच सांगितलं, की आरोपी माझा भाऊ आहे, ही फाईल मला दाखवू नका. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर तिला कोणतीच फाईल दिली नाही.

सांगायची काय गरज होती, असं मी तिला विचारलं.

"उद्या त्यांच्या खुर्चीत मी असले आन् एखाद्या पोरीनं माझ्यापासून असं लपवलं, तर मला चालंल का, काका?"

फहीम निर्दोष सुटला. आवारात तिच्या घरच्यांनी पेढे वाटले, मलाही दिला. मकबूलभाई डबा घेऊन कोर्टाच्या दारापर्यंत आले, ती बसली होती त्या बाकाकडं पाहिलं आणि मागं वळले. त्यानंतरही ती येत राहिली. हातात कागद नसायचा, नुसती ऐकत बसायची.

२००६ साली सहायक सरकारी वकील म्हणून तिची निवड झाली. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर ओळखीच्या दोन व्यक्ती लिहायच्या होत्या. नातेवाईक चालत नव्हते. माझं नाव तिनं आधीच लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं. शेवटी तिनं कोर्ट झाडणाऱ्या बेबीबाईंचं नाव लिहिलं.

चौकशीला पोलीस आला तेव्हा मी तिथंच होतो. मुलगी कशी आहे, असं त्यानं बेबीबाईंना विचारलं.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "टायमाला बराबर यायची. तिच्यासंगं बोलायला मातर कोणी नव्हतं."