खोडलेली जेवणं

श्रीधर गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या बोटांचा काळेपणा अजून गेलेला नव्हता. दोन दिवसांपूर्वी त्याच्यासाठीच केळफूल सोललं होतं आणि हाताला तेल लावायचं विसरले होते. सकाळी आमच्याच गावातल्या सिंधीपुऱ्यातून त्याचा शेजारी स्कूटरवर आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, सर उठून नाही राहिले. चहा नेला, चार येळा आवाज दिला... उठूनच नाही राहिले." काय ते मी समजले. तरी पायात चपला घालताना मनात आलं, याला भाजी जड गेली की काय! डॉक्टर म्हणाले, हृदय; झोपेतच गेले. चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणत होते. मला मात्र त्याचा रागच आला. एवढं मोठं काम माझ्या गळ्यात घालून हा पठ्ठ्या दोन दिवसांत मोकळा झाला होता.

श्रीधर माझा मावसभाऊ. मी त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठी, म्हणून मला ताई म्हणायचं असं मावशीनं त्याला बजावून ठेवलं होतं. त्यानं जन्मभर नुसतं कुसुम म्हटलं. मी इथेच लोधीपुऱ्यात राहून शाळेत भूगोल शिकवला, तो दिल्लीच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायला गेला आणि निवृत्त झाल्यावर परत आला. त्याचा विषय ऐकून आमच्या एका आत्याबाईंनी त्याला नातीसाठी अमेरिकेतलं स्थळ बघायला सांगितलं होतं. तो हसला नाही. त्यांना नीट समोर बसवून त्यानं सांगितलं की माणसं आपला देश सोडून का जातात, कुठल्या वाटांनी जातात, त्याच वाटांनी नशेच्या गोळ्या आणि सोनं कसं नेलं जातं, आणि सरकारांना या सगळ्यांची भीती का वाटते, याचा मी अभ्यास करतो. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे तू पोलिसात हायेस नं?" ते 'पोलीस' मी बरेच दिवस त्याला चिडवायला वापरलं.

त्याच्या अभ्यासाची रीत मात्र दिल्लीची नव्हती, मावशीच्या ओट्यावरची होती. मावशीच्या घरासमोर केळीचे ट्रक भरत. ड्रायव्हर, हमाल पाणी प्यायला ओट्यावर येत आणि मावशी प्रत्येकाला एकच विचारी, "कुठी जेवले?" कुठून आलात, हे ती कधी विचारत नसे. "गाव इचारलं का मानूस बिचकतो, जेवन इचारलं का बसतो," असं तिचं म्हणणं. मग ते सांगत बसत. काल मक्याची रोटी खाल्ली, परवा मोहरीच्या तेलातलं वांगं, त्याच्या आधी नुसता भात. श्रीधर आणि मी शाळेच्या नकाशावर त्या जागा पेन्सिलीनं मांडायचो आणि गाडी कोणत्या वाटेनं आली असेल ते ओळखायचो. पुढे सीमेवरच्या छावण्यांत, बंदरांत, तुरुंगांत तो हेच करत राहिला. तुला कोणी आणलं, असं विचारलं की माणसं तोंड मिटून घेत. वाटेत काय खाल्लं, म्हटलं की पहिल्या घासापासून सांगत सुटत. त्यावरून हा वाट काढी. त्याच्या वह्यांत एकाही माणसाचं नाव नाही, जेवणं मात्र पानोपानी आहेत. या कौशल्यामुळे सरकारी समित्यांत त्याला मान होता, आणि त्या मानाचा त्याला थोडा गर्वही होता. बहीण आहे म्हणून सांगते.

मग एका दिवाळीत आला तो निराळाच. मी हौसेनं केळफुलाची भाजी वाढली, तर ताट सरकवून उठला. लहानपणी हीच भाजी मावशीच्या कढईतून चोरून खाणारा माणूस! मी रुसले. त्यानंतर ती भाजी कधी त्याच्यासमोर केली नाही आणि का उठलास, हे मानापायी विचारलंही नाही. समितीतून त्याचं नाव गेल्याचं कुणाकडून तरी ऐकलं, तेही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. मावशी असती तर तिनं विचारलं असतं.

आणि त्या शेवटच्या भेटीच्या सकाळी त्याचा फोन आला, "कुसुम, आज केळफूल करशील?" मी केलं. तो आला, मान खाली घालून एक भाकरी संपवली, आणि मग बोलायला लागला.

पूर्वेच्या सीमेवर, नदीकाठच्या एका गावात एक विधवा बाई होती. नदी ओलांडून आलेल्या कुणालाही ती जेवू घाली. कोण, कुठला, काही विचारत नसे. त्याच वाटेनं नशेच्या गोळ्यांची पाकिटंही जात, तिला त्याचा पत्ताही नव्हता. श्रीधर तिच्याकडे जेवला. ताटात केळफुलाची भाजी होती, वाटलेली मोहरी घातलेली. पुढे लेख लिहिताना त्यानं बाईचं नाव लपवलं, गाव लपवलं, नदीसुद्धा बदलली. भाजी तेवढी लिहिली. "थेट आईची चव होती गं... राहवलं नाही." केळीच्या मुलखातला माणूस, त्याला ते फूल सोडवेना. जेवणावरून वाट कशी शोधायची, हे त्यानंच समित्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी शोधली. टोळीतली म्हणून बाईला धरून नेलं. श्रीधर कोर्टात उभा राहिला. एकाच वाटेनं माणूसही चालतो आणि मालही जातो, म्हणून वाटेवर रांधणारी बाई चोर होत नाही, असं सांगितलं. बऱ्याच महिन्यांनी ती सुटली. हा माफी मागायला गेला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी दिलं. जेवायला नाही विचारलं."

मग त्यानं दुसरी भाकरी घेतली, ताट पुसून खाल्लं आणि पिशवीतून अकरा वह्या काढून ओट्यावर ठेवल्या. त्या विद्यापीठाला जायच्या होत्या. "त्याआधी जेवणं खोड. सगळी. मी खोडायला बसतो आणि वाचतच बसतो. तू भूगोल शिकवलास, कशावरून गाव सापडेल ते तुला कळेल... करशील नं, ताई?"

ताई! मी एवढी चमकले की हो म्हणून बसले.

पण तो गेल्यावर वह्या उघडवेनात. त्याच्या हातचं अक्षर, आणि त्यावर मी शाई फिरवायची? जेवणं खोडली तर त्याचं काम काय राहणार? आणि ठेवली तर कुठे कुठे कुणाची चूल विझेल? दहा-बारा दिवस मी नुसती त्यांवरची धूळ झटकत होते. शेवटी एका दुपारी काळं पेन घेऊन बसले.

चौथी वही चालू असताना मयूरी आली. डोईफोडिया गावाकडची मुलगी, श्रीधरची शेवटची विद्यार्थिनी. वह्या न्यायलाच आली होती. पानं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, ये क्या किया तुमने! सरांची पूरी जिंदगी होती यात. आता बचलं काय?"

मी तिला त्या बाईची गोष्ट सांगितली. ती खोडलेल्या पानावर जे शिल्लक होतं ते मोठ्यानं वाचायला लागली. लेकीचा फोटो बनियनमध्ये शिवून आणला होता. तीन दिवस पाय सुजलेले. परत जायचं का, म्हटल्यावर हसला... वाचता वाचता थांबली, नाक पुसलं आणि म्हणाली, "पाचवी मला द्या."

आम्ही दोघींनी मिळून आठवडाभरात काम संपवलं. मक्याच्या रोट्या गेल्या, मासे गेले, खारट चहा गेला. एका पानावर मावशीच्या ओट्याचीही आठवण होती. मावशीला आता कुणाची भीती नाही, पण तो ओटा अजून आहे आणि श्रीधरची वहिनी तिथे अजून पाणी देते, म्हणून तीही खोडली. खोडताना मला रडू आलं.

अकराव्या वहीत सगळ्यात शेवटी एकच ओळ होती. तारीख त्या दुपारची. म्हणजे ही वही त्यानं जाताना माझ्या नकळत परत नेली होती आणि ओळ घरी बसून लिहिली होती. मग वही परत माझ्या ढिगात कधी घातली? शेजारणीला विचारलं तेव्हा कळलं, दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले असताना तो येऊन गेला होता, तिनंच कुलूप उघडून दिलं होतं. ओळ अशी: "सिंधीपुरा ते लोधीपुरा, पायी. कुसुमताईकडे केळफुलाची भाजी, दोन भाकरी. पोट भरलं."

मयूरीनं पेन माझ्यापुढे धरलं. मी ते टोपण लावून ठेवून दिलं. माझ्या घरी कोण जेवून गेलं, ते ज्याला वाचायचं असेल त्यानं खुशाल वाचावं.