बाबासोचा हात

हौसेराव निकमशी वाकडं घेऊ नये, हे मी महाप्यात त्याच्या शेजारी शेड घेतली तेव्हाच शिकलो. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने एकदा त्याला गार झालेला चहा पुन्हा तापवून दिला होता. त्या टपरीचा चहा हौसेरावने सोडला तो सोडलाच. टपरीवाला बदलला, त्याचा भाचा आला, टपरीची जागासुद्धा हलली, तरी हा पठ्ठ्या दुसऱ्या गल्लीत जाऊन चहा पितो. चहासाठी एवढा राग, तर मेव्हण्याच्या, बाबासोच्या पायासाठी किती असेल, याचा अंदाज मला तेव्हा नव्हता.

हौसेराव आणि मी एकाच वयाचे, म्हणून अरे-तुरे. माझं लेथ मशीनचं काम, त्याचं गाड्यांचं. खटाव तालुक्यातून तो फौजेत गेला आणि तिथे रिकव्हरीत मेकॅनिक झाला. फौजेची गाडी चिखलात रुतली, दरीकडेला कलंडली की तिला ओढून काढणारा जो भलामोठा ट्रक येतो, तो याचा. त्या ट्रकवर पोलादी दोर गुंडाळून ओढणारी विंच असते, उचलायला क्रेनचा दांडा असतो, आणि मागे जमिनीत रुतवायचे दोन नांगर असतात. नांगर रोवले की ट्रक जागचा हलत नाही, समोर कितीही वजन असू दे. रिटायर झाल्यावर हौसेरावने घणसोली गावात भाड्याची खोली घेतली, बायको प्रेमला आली, आणि पाठोपाठ तिचा धाकटा भाऊ बाबासो आला. बाबासोला सगळं काम हौसेरावने शिकवलं. त्यातला पहिला नियम असा, की ओढायचा इशारा दोराजवळ उभा असलेला माणूसच देणार. त्याने हात वर केला की ओढायचं. विंचवाल्याने बाकी कुणाकडे बघायचंसुद्धा नाही, मग सुभेदार येवो नाहीतर जनरल.

हा नियम हौसेरावने आयुष्यात एकदाच मोडला.

उदयसिंह नावाचा एक बांधकामवाला आहे. जुन्या गाड्यांचा त्याला भारी शौक, म्हणजे गाड्यांपेक्षा गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायचा. त्याने भंगारातून फौजेचा एक रिकव्हरी ट्रक उचलला आणि हौसेराव-बाबासोने तो पुन्हा उभा केला. विंच मूळची, दांडा मूळचा, हूकसुद्धा मूळचा. मग खारघरच्या मैदानावर प्रदर्शन भरलं आणि उदयसिंहाला पाहुण्यांसमोर ट्रकची ताकद दाखवायची हुक्की आली. समोर एक नादुरुस्त बस बांधली होती. बाबासो दोराजवळ होता. दोराचा एक पदर उसवल्यासारखा दिसला म्हणून तो वाकून बघत होता. त्याने हात वर केलेला नव्हता. पलीकडे फोटोवाल्यांच्या घोळक्यातून उदयसिंहाने हात हलवला, ‘चल, ओढ.’ मालकाचा हात. हौसेरावने मालकाकडे बघितलं आणि लिव्हर खेचला.

दोर तुटला. तुटलेला पोलादी दोर कसा येतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. बाबासोचा डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. झटक्याने विंचही तडकली.

पोलिसांसमोर उदयसिंह म्हणाला, की मी फोटोवाल्यांना हात केला होता, विंचवर तर हौसेराव होता. यातलं दुसरं वाक्य खरं होतं. तेच हौसेरावला जाळत राहिलं.

त्या दिवसापासून तो उदयसिंहाच्या हात धुऊन मागे लागला. पण त्याची रीत वेगळी. शिवी नाही, मारामारी नाही. उदयसिंहाला तडकलेल्या विंचच्या जागी मूळची विंच हवी होती, आणि त्या ट्रकला आधीपासून नसलेले मागचे नांगरही हवे होते. हौसेरावने ठरवलं, की त्याला ते मिळू द्यायचे नाहीत. या जुन्या ट्रकांचं सामान एका जागी कधीच नसतं. फौज ट्रक लिलावात काढते, भंगारवाले त्याचे तुकडे करतात आणि तुकडे देशोधडीला लागतात. हौसेराव ते हुडकत हिंडला. विंच त्याला वाईजवळच्या एका खडीच्या खाणीत सापडली, दगडाचे डबे ओढत होती. नांगरांची जोडी जबलपूरला एका गोडाऊनच्या फाटकाला टेकण म्हणून लावलेली. दोर फिरवायची मोठी पुली एका विहिरीवर. प्रत्येक ठिकाणी उदयसिंहाची माणसं पोचायच्या आत हा उचलून मोकळा. प्रेमला वैतागायची. घरातला मिक्सर बंद पडलाय आणि हा माणूस पंजाबात हूक बघायला गेलाय, असं ती माझ्या बायकोला सांगायची. पण भावाच्या रिकाम्या पायजम्याकडे बघून नवऱ्याला अडवायची नाही.

शेवटी हौसेरावने उदयसिंहाच्या ट्रकच्याच कंपनीचा एक मोडका ट्रक आणला आणि सगळं सामान त्यावर चढवायला घेतलं. चेसिसला नवं भोक पाडायचं नाही, हा त्याचा हट्ट. फौजेने जिथे बोल्ट मारला तिथेच बोल्ट बसला पाहिजे. त्यासाठी माझ्याकडून त्याने बोल्टाच्या भोकात बसणारे बुश इतक्या वेळा करून घेतले, की मी एकदा त्याला शेडबाहेर काढला होता. दुसऱ्या दिवशी तोच बुश घेऊन हजर. विंच बसली, पुली बसली, नांगर बसले. रोज ठाणे-बेलापूर रोडवर बंद पडलेले कंटेनर ओढून तो पोट भरायला लागला, आणि तिकडे उदयसिंहाच्या चकचकीत ट्रकवर पत्र्याची पोकळ विंच रंगवून बसवलेली. हे आठवलं की हौसेराव जेवताना दोन घास जास्त जेवायचा.

बाबासो नकली पाय लावून रोज शेडमध्ये यायचा, स्टुलावर बसून बोल्टांना ग्रीस लावायचा. दाजींशी कामापुरतं बोलायचा. एवढं सगळं सामान जमलं, तरी ‘दाजी, चूक त्या उदयसिंहाची होती’ हे शब्द त्याने कधी उच्चारले नाहीत. हौसेराव त्या शब्दांसाठी तडफडत होता. नवीन नग आणला की तो आधी बाबासोसमोर ठेवायचा आणि तोंडाकडे बघत राहायचा. बाबासो नग उलटापालटा करायचा, ‘बरा हाय’ म्हणायचा आणि ग्रीसच्या डब्यात बोट घालायचा. मला वाटायचं, हा माणूस अबोल आहे.

गेल्या हिवाळ्यात उदयसिंहाला कॅलेंडरसाठी फोटो हवे होते. ट्रक लढाईत असल्यासारखा दिसावा म्हणून त्याने तो घणसोलीच्या खाडीकडे, जुन्या बंधाऱ्याखालच्या चिखलात उतरवला. जाळं घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, “आज उधानाचं पानी हाय, गारी खाली नका नेऊ.” त्याला बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो फोटोत येत होता. ट्रक चिखलात ॲक्सलपर्यंत बसला. खरी विंच असती तर दोर बंधाऱ्याला बांधून ट्रकने स्वतःला ओढून घेतलं असतं. पत्रा काय ओढणार? एक क्रेन आली, बंधाऱ्यावरूनच चिखल बघून परत गेली. तेवढ्या लांबून ओढणारी गाडी अख्ख्या नवी मुंबईत एकच होती.

उदयसिंह स्वतः शेडवर आला. पांढरे बूट चिखलाने भरलेले. जुनं विसरू या म्हणाला. हौसेरावने माझ्याकडे बघितलं, मग बाबासोकडे. बाबासो स्टुलावरून उठला आणि गाडीत जाऊन बसला. हे बघितल्यावर मी लेथ बंद करून मागोमाग निघालो. असली मजा कोण सोडेल?

बंधाऱ्यावर हौसेरावने नांगर रोवले, दोर सोडला. दोन कोळ्यांना सोबत घेऊन बाबासो चिखलात उतरला, हूक अडकवून वर आला, बाजूला सरकला आणि दोराकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात खाली.

हौसेरावचा हात लिव्हरवर. डोळे बाबासोवर.

पाणी चाकांना लागलं. बाबासोचा हात खालीच. उदयसिंह ओरडायला लागला, की ओढा, काय बघताय. बाबासोने ऐकलंच नाही असं दाखवलं. मग उदयसिंह धावत हौसेरावसमोर आला आणि दोन्ही हात हलवायला लागला. खारघरला हलवला होता, अगदी तसाच. हौसेरावने मान जरा बाजूला केली, बाबासो नीट दिसावा म्हणून. पाणी दारापर्यंत आलं, सीटवर आलं. पत्र्याची विंच सुटली आणि तरंगत खारफुटीकडे निघाली. उदयसिंहाने शिव्या घातल्या, नंतर हात जोडले. मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी मनात म्हणत होतो, बाबासो, अजून थांब.

बॉनेट बुडलं, आणि मग बाबासोने हात वर केला.

हौसेरावने लिव्हर खेचला. ट्रक सरळ वर आला. मूळच्या विंचने कुरकुरसुद्धा केली नाही. बंधाऱ्यावर उभ्या राहिलेल्या उदयसिंहाच्या ट्रकच्या भोकाभोकातून खारं पाणी गळत होतं. इंजिन, वायरिंग, गादी, सगळं गेलं. उदयसिंह आपल्या मोटारीत जाऊन बसला.

हौसेरावचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. तो जवळजवळ पळतच बाबासोकडे गेला. “फिटलं, बाबासो,” तो म्हणाला. “आज फिटलं.”

बाबासो नकली पायावरचा चिखल काठीने खरवडत होता. त्याने वर बघितलं नाही.

“त्याचं फिटलं,” तो म्हणाला. “तुमचं ऱ्हायलंय, दाजी. हात त्यानं केला, पर वढलं तुमी. नेम तुमीच शिकवला हुता मला.”

हौसेराव वळला आणि त्याने रोवलेले नांगर वर उचलून घेतले.

“चला,” बाबासो म्हणाला, “ताई जेवायची थांबली आसंल.” आणि तो पुढच्या सीटवर, रोजच्या जागी, हौसेरावच्या शेजारी चढून बसला.